मशीनमागची गरम हवा

मुलगी शिकायला इथे जर्मनीतच, पण लांब कायझर्सलाउटर्नला गेली आणि महिन्याभरात तिच्या खोलीत नवऱ्याचा कॉम्प्युटर येऊन बसला. मी काही बोलले नाही. पन्नाशीला आलेल्या पुरुषांना काहीतरी होतं. कुणी सायकल घेऊन डोंगर चढायला लागतो, कुणी बाल्कनीत टोमॅटो लावून त्यांचे फोटो सगळ्यांना पाठवतो. माझ्या नवऱ्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायला घेतला. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि हौस करणाऱ्याच्या बायकोला तर कुणी विचारतच नाही.

ओव्हरक्लॉक म्हणजे काय, हे मला इतक्या वेळा समजावून सांगण्यात आलं आहे की आता मी झोपेतही सांगेन. बनवणाऱ्याने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवायचं. पळाला की तो तापतो. फार तापला की आपणहून हळू होतो, नाहीतर मशीन बंद पडतं. तसं होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक डोलारा, त्याला दोन्ही बाजूंनी पंखे, आणि डोलारा व प्रोसेसर यांच्यामध्ये राखाडी रंगाची पेस्ट, वाटाण्याएवढी, कमी नाही की जास्त नाही. एवढं सगळं करून त्या वेगात तो काय काम करायचा? काही नाही. एक टेस्ट चालायची. मशीन पूर्ण ताकदीने दिवसभर न अडखळता चाललं तर पास. पास झालं की वेग थोडा वाढवायचा आणि पुन्हा टेस्ट. याचा शेवट काय, असं मी एकदा विचारलं, तर तो म्हणाला, शेवट असा नसतो.

तेव्हा मला राग आला होता. पण रागावायलाही अंगात थोडं बळ लागतं. मी रोज आमच्या झिंडेलफिंगेनहून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, त्सुफेनहाउझेनला जायचे, तिथल्या ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे, आणि अंधार पडल्यावर घरी येऊन भात लावायचे. नवऱ्याचं ऑफिस जवळ होतं, पण तो माझ्यापेक्षा दमून यायचा. त्याच्या विभागाचं काम हळूहळू पुण्याला हलवलं जात होतं. आपण जे वीस-बावीस वर्षांत शिकलो, ते तो दिवसभर स्क्रीनवरून पुण्यातल्या पोरांना शिकवायचा, बहुतेक वेळा मराठीतून. शिकवून झालं की त्याचं तिथे काय राहणार, हे कुणी बोलत नव्हतं. मग घरी येऊन एखाद्या आकड्याने त्याचं ऐकावं, दोन अंशांनी खाली यावं, एवढं त्याला वाटत असेल तर वाटो, असं मी ठरवून टाकलं होतं.

अशा घरात माझे सासरे राहायला आले.

सासूबाई त्या वर्षी आषाढात गेल्या. दोन वर्षं त्यांच्या फुफ्फुसांचा आजार चालला होता आणि बाबांनी त्यांचं सगळं एकट्याने केलं. नवरा एकुलता एक. तो मधूनमधून जाऊन आला, पण जाऊन येणं म्हणजे असणं नव्हे. त्यांच्या माघारी पहिलीच दिवाळी बाबांनी रिकाम्या घरात काढू नये म्हणून त्याने त्यांना ऑक्टोबरात इकडे आणलं. परतीचं तिकीट जानेवारीचं. आल्यावर दुसऱ्याच दिवशी चहा पिताना बाबांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की पुण्याबाहेर एक वृद्धाश्रम पाहून ठेवलाय, नाव घातलंय, बघू या, इकडे जमलं तर दरवर्षी हिवाळ्यात येईन, नाही जमलं तर तिकडे. नवऱ्याचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बाबांना इथे काही म्हणता काही कमी पडू द्यायचं नाही.

आमचं घर तीन खोल्यांचं. बाबांना मुलीची खोली दिली. मशीन दिवाणखान्यात आणू या, असं मी म्हटलं, कारण ते दिवसभर घोंघावत असे. पण बाबांनीच नको म्हटलं. राहू दे की, सोबत होते, म्हणाले. मला वाटलं, सुनेला सामान हलवायला लागू नये म्हणून बोलताहेत. आमचे बाबा तसेच. जेवताना कधी वाढ म्हणणार नाहीत, पाणी संपलं तर ग्लास रिकामा ठेवून बसतील. भीड भिकेची बहीण, असं सासूबाई त्यांना तोंडावर म्हणायच्या. त्यांना तो अधिकार होता, मला नव्हता.

त्या खोलीत खिडकीखाली भिंतीला लावलेला हीटर आहे. इथे आम्ही सगळेच त्याला हाइत्सुंग म्हणतो. बाबा येण्यापूर्वी तो कायम बंद असायचा आणि खिडकीची फट उघडी, का, तर प्रोसेसरला थंड हवा मिळावी. बाबा आले त्या दिवशी नवऱ्याने हाइत्सुंग तीनवर केला, खिडकी लावली, बेसमेंटमधल्या केलरमधून जाड रजई काढून आणली. खोली छान उबदार झाली, आणि अर्थात प्रोसेसरही. रात्री जेवताना तो स्वतःशीच पुटपुटला, की चार-पाच अंश वाढलेत, टेस्ट टिकायची नाही. पुटपुटला आणि विसरला. पण बाबांचे कान सत्तरी उलटल्यावरही शाबूत होते.

त्यानंतर ते कोडं सुरू झालं. सकाळी आम्ही दोघं निघताना मशीन नीट चालू असायचं, आकडा ताब्यात असायचा. संध्याकाळी आलो की टेस्ट बंद पडलेली. दुपारी कधीतरी मशीन तापून आपोआप रीस्टार्ट झालेलं. नवऱ्याने पेस्ट पुसून पुन्हा लावली. पंखे बदलले. डोलारा बदलून आणखी मोठा डोलारा आणला. शनिवारी-रविवारी, तो घरात असताना, सगळं सुरळीत. सोमवारी पुन्हा तेच. तो म्हणायला लागला, की दुपारी विजेचा दाब कमीजास्त होत असावा, आणि हे घरमालकिणीला विचारायला निघाला होता. मी थांबवला. ती बाई आधीच दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवता ना, नाहीतर भिंतींना बुरशी येईल, हे दर भेटीत विचारते. तिला आणखी विषय द्यायची गरज नव्हती.

नोव्हेंबरात एकदा माझी दातांच्या डॉक्टरकडे वेळ होती. ते आटोपून ऑफिसला परत जायचा कंटाळा आला आणि मी भर दुपारी घरी आले. अर्धं तोंड बधिर, बाहेर राखाडी उजेड. बाबांना चहा विचारावा म्हणून त्यांच्या खोलीचं दार हळूच लोटलं.

बाबा पलंगावर उलटे झोपले होते. डोकं पायथ्याशी आणि पाय उशीच्या बाजूला, कारण उशीच्या बाजूला जमिनीवर मशीन होतं, त्याची पाठ पलंगाकडे. ज्या जाळीतून आतली सगळी गरम हवा बाहेर पडते, तिच्यासमोर त्यांनी उघडी पावलं धरली होती. मोजे घडी करून बाजूला ठेवलेले. अंगावरची शाल पावलांवरून ओढून मशीनच्या पाठीवरही नीट पांघरली होती, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. पंखे जिवाच्या आकांताने घुमत होते. खोली मात्र गारठलेली. हाइत्सुंग शून्यावर होता.

मी तशीच मागे फिरणार होते, पण ते जागे झाले. घाईघाईने उठून बसले आणि आधी मोजे शोधायला लागले, मी त्यांना काहीतरी चोरताना पकडल्यासारखे. मला फार वाईट वाटलं. बधिर तोंडानेच मी विचारलं, की बाबा, हीटर का बंद केलात? ते म्हणाले, की त्याचं मशीन तापतं ना, ऑफिसचं काम असतं त्यावर, माझ्यापायी अडायला नको. मी रोज सकाळी तुम्ही गेलात की बंद करतो आणि यायच्या आधी लावतो. मला कुठे एवढी थंडी वाजते?

म्हणजे मुलाचं मशीन थंड राहावं म्हणून बापाने खोली थंड ठेवली होती. आणि थंड खोलीत पाय गारठतात म्हणून तो मशीनच्या उबेला गेला होता, त्याच्या पाठीवर शाल पांघरून. म्हणून मशीन तापत होतं. म्हणून मुलगा रोज नवे पंखे आणत होता. हसावं की रडावं हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. त्यावर ऑफिसचं काहीही काम नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मुलाची थोडी लाज राखली. शालीने हवा कोंडते, एवढंच सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "तो उगीच हलवेल ते इथून."

मी कबूल केलं. संध्याकाळी बाहेर पडून दुकानातून जाड लोकरीचे मोजे आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आले. हाइत्सुंग पुन्हा तीनवर केला आणि बाबांना बजावलं, की याला हात लावायचा नाही. त्यांनी मोजे घातले, पिशवीचं कौतुक केलं, हाइत्सुंगला हात लावला नाही. पण दुपारी पाय पुन्हा मशीनमागेच, फक्त आता शालीशिवाय, वीतभर अंतर ठेवून. हे त्यांनीच मला सांगितलं, शाळेतल्या मुलाने गृहपाठ दाखवावा तसं. खोली उबदार होती, पायांत मोजे होते. मग तिकडे कशाला? मी तो प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर शोधायच्या आत माझा डोळा लागला. तेव्हाचे माझे बरेच प्रश्न असेच झोपेत गेले.

दुसऱ्या दिवशीपासून टेस्ट पास व्हायला लागली. खोली गरम असूनही. नवऱ्याचा आनंद पाहण्यासारखा होता. पंख्यांचं कुठलंसं सेटिंग त्याने आदल्याच दिवशी बदललं होतं, सगळं श्रेय त्या सेटिंगला मिळालं. त्याने मुलीला फोन करून आलेख दाखवला. ती आमचं मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. तिने जर्मनमध्ये विचारलं, की त्यापेक्षा जास्त वेगाचा नवा प्रोसेसर का घेत नाहीस? तो म्हणाला, की तुला नाही कळणार ते. मला कळत होतं, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

इथे थांबला असता तर बरं होतं. पण अती तेथे माती, हे आपल्याकडे काही उगीच म्हणत नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीला एक मोठं खोकं आलं. आता पंख्यांऐवजी पाण्याने थंड करायचं. प्रोसेसरवर एक छोटा पंप, त्यातून दोन नळ्या, त्या नळ्यांतलं पाणी उष्णता उचलून मशीनच्या वरच्या झाकणापाशी नेणार आणि तिथून ती सावकाश वरच्या वर निघून जाणार. मागचा घोंघावणारा पंखा काढून टाकायचा. "बाबांना दिवसभर त्या आवाजात झोपावं लागतं," तो मला म्हणाला. "बोलत नाहीत ते, पण मला कळतं ना. आता गेनाऊ, बरोब्बर शून्य आवाज." त्याचा चेहरा इतका भाबडा दिसत होता की मी कपाळावर हात मारायचंही विसरले. बाबांना दिलेला शब्द मोडावा की नवऱ्याला त्याच्या आनंदात बुडू द्यावं, इकडे आड तिकडे विहीर. मी गप्प राहिले. दमलेलं माणूस बहुतेक वेळा गप्पच राहतं, आणि लोकांना ते समजूतदार वाटतं.

शनिवारी त्याने ते सगळं बसवलं. बाबा पलंगावर बसून पाहत होते. अधूनमधून हे काय, ते काय, असं विचारत होते, आणि नवरा इतक्या उत्साहाने सांगत होता की बापलेकांना मी बऱ्याच वर्षांत असं बोलताना पाहिलं नव्हतं. सगळं जोडून झाल्यावर त्याने बटण दाबलं. दिवे लागले. आवाज आला नाही.

"बाबा, ऐका," तो म्हणाला. "येतोय काही आवाज?"

बाबा म्हणाले, नाही. मग ते वाकले आणि मशीनच्या पाठीमागे हात धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. छान झालं, म्हणाले.

त्या दुपारी ते झोपले नाहीत. दिवाणखान्यात येऊन आधीच वाचलेलं मासिक वाचत बसले.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की तिकीट अलीकडचं मिळत असेल तर बघ, नाताळच्या आधी जावं म्हणतो. आश्रमात एक खोली रिकामी होते आहे, त्यांना होकार कळवून टाकतो. हे सगळं ते पोह्याची रिकामी बशी दोन्ही हातांत धरून बोलत होते.

नवऱ्याने विचारलं, की काय कमी पडलं? काहीच नाही, बाबा म्हणाले, सगळं उत्तम आहे. पुण्यातली माणसं उत्तम म्हणाली की समजावं, गाडी हातची गेली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मीच काहीतरी केलं असावं अशा नजरेने, आणि माझा तोल सुटला. मी सगळं सांगून टाकलं. हाइत्सुंग, उघडी पावलं, शाल, टेस्ट का पडत होती, कशी पास झाली, सगळं. शब्द मोडला आणि मला बरं वाटलं, हे आधीच सांगते.

नवरा ऐकता ऐकता उठला होता. आत्ता हाइत्सुंग पाचवर करतो, म्हणत तो निघाला.

"थांब," बाबा म्हणाले. "थंडी नाही रे."

तो दारातच थांबला. बाबांनी बशी खाली ठेवली.

"तुझ्या आईच्या खोलीत ते ऑक्सिजनचं मशीन होतं ना. साधारण एवढंच. तिच्या पलंगाशी असायचं, चोवीस तास चालू. मागून गरम हवा यायची. मी दुपारी तिच्या खोलीत खाली सतरंजीवर पडायचो, त्याच्याकडे पाय करून. डोळा लागला तरी पायांना कळायचं, चालू आहे. चालू आहे म्हणजे ती आहे."

खाली ठेवलेली बशी त्यांनी थोडी पुढे सरकवली.

"ती गेल्यापासून दुपारची झोप गेली होती. इथे आल्यावर लागली, तुझ्या या मशीनपाशी. काल तू ते शांत केलंस. माझ्यासाठीच केलंस, मला समजतं. पण ते गप्प होताना मी एकदा ऐकलंय रे. पुन्हा त्या खोलीत नाही झोपवत मला."

नवरा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तो म्हणाला, "मी फोनवर तुम्हाला म्हणायचो, बाबा, ते मशीन जरा बंद करा, काही ऐकू येत नाहीये."

"हो," बाबा म्हणाले. "मग मी फोन घेऊन बाहेर जिन्यात यायचो. बंद कसं करणार?"

मला ते फोन आठवले. बाबा जिन्यात उभे, मागे शेजाऱ्यांच्या चपला, आणि आम्ही इथे सोफ्यावर, आता कसं स्वच्छ ऐकू येतं, असं म्हणणारे. मी बशा उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. बऱ्याच दिवसांचं साठलेलं होतं, त्यातलं सगळंच काही बाबांसाठी नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा नवरा केलरमधून जुना डोलारा आणि जुने पंखे घेऊन वर येत होता. बाबा त्याच्या मागे मागे. एवढ्या मेहनतीने बसवलंस, राहू दे, मी आपला काहीतरी बोललो, असं म्हणत होते. तो ऐकत नव्हता. नळ्या काढल्या, पाणी सांडलं, माझे चांगले टॉवेल त्यात गेले. जुनी पेस्ट पुसून नवी लावली, डोलारा बसवला, मागचा पंखा मागे लावला. जेवणं उशिरा झाली.

तिकीट बदललं नाही. बाबा ठरल्याप्रमाणे जानेवारीतच गेले, आणि जाण्यापूर्वी आश्रमाला फोन करून ती खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाले. नाव मात्र ठेवलंय अजून. ते काढा, असं सांगायचं धाडस आम्हा दोघांनाही झालेलं नाही.

पण मला आठवते ती त्या रविवारची दुपार. जेवणं आटोपल्यावर नवऱ्याने मशीन सुरू केलं आणि टेस्ट लावली, आहे नाही ती सगळी ताकद लावून. पंखे घोंघावायला लागले. बाबांनी लोकरीचे मोजे काढून घडी केले, उलटे आडवे झाले आणि पावलं जाळीसमोर नेली. नवऱ्याने स्वतःच्या हाताने शाल त्यांच्या पावलांवरून ओढून मशीनच्या पाठीवर नीट पांघरली. आकडा चढायला लागला. नव्वदीच्या पुढे गेला तेव्हा तो उठला, वेग पार खाली आणला, मूळ ठरवून दिलेल्यापेक्षाही खाली, म्हणजे शालीखालीसुद्धा ते बंद पडणार नाही. मग त्याने स्क्रीन मालवली आणि बाबांना झोप लागेपर्यंत पलंगाशेजारी जमिनीवर बसून राहिला.